होबर्ट स्टॅम्परचं स्कंकांशी वैर

होबर्ट स्टॅम्परला राग यायला एरवी कारण लागत नसे. पाव एका बाजूने जास्त फुगला तरी तो चिडायचा. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी प्रार्थना लांबवली तर चिडायचा, आणि लवकर आटोपली तर ‘मग हा पगार कशाचा घेतो?’ म्हणून चिडायचा. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात सरकारी रस्ते सारखे करायचं यंत्र त्याने उभी हयात चालवलं, आणि तिथे असं एकही वळण नव्हतं ज्याने होबर्टची शिवी खाल्ली नव्हती. निवृत्त झाला त्या दिवशी सहकाऱ्यांनी केक आणला. कापताना सुरी बोथट निघाली. त्या सुरीबद्दल तो जे बोलला, तेच त्याचं निरोपाचं भाषण ठरलं.

पण हा सगळा सुट्टा राग. ठोक भावाचा राग त्याने त्याच्या कुत्र्यांवर बोट ठेवणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता.

स्टॅम्परांच्या घरात निळसर ठिपक्यांची, लांब कानांची शिकारी कुत्री आजोबांपासून चालत आलेली. या कुत्र्यांचं काम एकच. रॅकूनचा, म्हणजे डोळ्यांवर काळा पट्टा आणि माणसासारखे हात असलेल्या रानटी प्राण्याचा, वास धरायचा, काट्याकुट्यांतून, ओढ्यातून त्याचा माग काढायचा, त्याला झाडावर चढायला लावायचं, आणि मालक येईपर्यंत बुंध्यावर पुढचे पाय टेकून भुंकत राहायचं. काय वाटेल ते होवो, झाड सोडायचं नाही. जे कुत्रं सशामागे, हरणामागे, दिसेल त्याच्यामागे पळतं, त्याला तिथली माणसं ‘उकिरड्या’ म्हणतात. एकदा हे नाव चिकटलं की त्याची पिल्लं फुकटसुद्धा कोणी नेत नाही.

होबर्टची पर्ल नावाची म्हातारी कुत्री गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या वंशातली एकटी टिली उरली, पर्लची नात, अजून वर्षाचीही नाही. आणि वसंतात एके दिवशी पेंडीच्या दुकानात, दहा माणसांसमोर, शिकारी मंडळाचा अध्यक्ष वेंडेल टॅकेट म्हणाला, “पर्ल गेली आणि स्टॅम्परांचं घराणं बसलं. ते पिल्लू? बघितलंय मी. नुसते कान आहेत.”

होबर्ट तेव्हा मागच्या रांगेत पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. ते त्याने रागाने खाली आपटलं, ते नेमकं स्वतःच्याच पायावर. लंगडत पुढे येऊन तो म्हणाला, “ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ये माझ्या अंगणात. संध्याकाळी. कान आहेत का आणखी काही आहे, ते ऐकून जा.”

बोलून बसला, आता करून दाखवणं आलं.

टिलीच्या शिक्षणासाठी होबर्टने घरामागे रॅकूनांचं अन्नछत्रच उघडलं. कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्राचा पिंप जमिनीवर ठेवला, त्यात मका आणि कुत्र्यांचं कोरडं खाणं भरलं, वर काकवी ओतली आणि डब्यातल्या सार्डिन माशांचं तेल शिंपडलं. रॅकूनने यावं, हात घालून जेवावं, जाताना वासाची वाट सोडून जावी, आणि सकाळी टिलीने ती वाट हुंगत रानापर्यंत न्यावी, असा एकूण अभ्यासक्रम.

रॅकून आले. पण अन्नछत्राची बातमी लपते थोडीच? मागोमाग स्कंकही आले.

स्कंक म्हणजे मांजराएवढा काळा प्राणी, पाठीवर पांढरा पट्टा, आणि चाल सासुरवाडीला आलेल्या जावयाची. तो कोणासाठी बाजूला होत नाही. कारण त्याच्या शेपटीखाली जे आहे त्याचा एक फवारा बसला की माणूस गाव बदलायचा विचार करू लागतो.

पहिला फवारा टिलीने खाल्ला. ती केकाटत थेट स्वयंपाकघरात घुसली आणि जेवणाच्या टेबलाखाली लोळली. होबर्टची बायको ज्युवेल तेव्हा घेवडा परतत होती. तिने शेगडी बंद केली, कढई उचलली आणि घेवडा तसाच्या तसा बाहेर फेकला.

“होबर्ट,” ती नाकाला ॲप्रन लावून म्हणाली, “हे पुन्हा एकदा झालं ना, तर मी डेन्व्हरकडे राहायला जाईन.”

डेन्व्हर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ओढ्यापलीकडे एकटाच राहायचा.

“जा की! त्याच्या घरात याहून वाईट वास येतो!”

“येतो. पण तो प्रेमाने येतो.”

खाण्याचा सोडा, जखमेवर लावायचं फेसाळ औषध आणि भांड्यांचा साबण एकत्र करून ज्युवेलने टिलीला घासून काढलं. मग होबर्टला बोलावलं, कारण तिला टेबलाखालून ओढून काढताना तोही माखला होता. अंगणात, भर दुपारी, पोस्टमन येण्याच्या वेळेला.

तिथल्या लोकांचा अनुभव असा की एकदा फवारा बसलेलं कुत्रं पुन्हा स्कंकाच्या वाटेला जात नाही. टिली दुसऱ्याच दिवशी गेली. शेपूट वर, नाक जमिनीला, गळ्यातून तो खोल लांबलचक आवाज. होबर्टने कौतुकाने मागे जाऊन पाहिलं तर समोर काळं-पांढरं बूड. टिलीने दुसरा फवारा खाल्ला, शिंकली, आणि पुन्हा त्याच दिशेला नाक केलं. पर्लची नात आणि स्कंकामागे! वेंडेलच्या तोंडचा ‘उकिरड्या’ हा शब्द होबर्टला आत्ताच ऐकू यायला लागला.

भीती वाटली की होबर्टला राग यायचा. त्याने सगळा राग स्कंकांवर काढला. अंगणाच्या कडेला उभा राहून तो त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्यांच्या रंगाबद्दल, चालीबद्दल, त्यांना जन्माला घालताना देवाचं लक्ष कुठे होतं त्याबद्दल. अर्थात पुरेसं अंतर ठेवून.

डेन्व्हर कॉफी प्यायला आला, तेव्हा पायरीवर बसून त्याने हे भाषण शेवटपर्यंत ऐकलं.

“झालं?” त्याने विचारलं. “आता मासे बंद कर आणि पिंप झाडाला वर टांग. रॅकून चढतो. स्कंकाला चढता येत नाही. एवढं सोपं आहे.”

“माझे आजोबा जमिनीवर ठेवायचे.”

“तुझे आजोबा दातही पेल्यात ठेवायचे. तू काढलेस का?”

“डेन्व्हर, कॉफी संपव आणि नीघ.”

“संपली केव्हाच. दुसरी दे, मग निघतो.”

डेन्व्हरचं ऐकणं म्हणजे स्टॅम्परांच्या इज्जतीला बट्टा. म्हणून रविवारी, सगळे चर्चला गेल्यावर, ‘गुडघा धरलाय’ म्हणून मागे राहिलेल्या होबर्टने शिडी लावून पिंप सायकमोरच्या झाडाला डोक्याहून उंच बांधला. मासे बंद केले. डेन्व्हरने विचारलं तेव्हा म्हणाला, “माझीच कल्पना. कधीपासून डोक्यात होती.”

पण रॅकूनला हात असले तरी वळण नाही. तो मूठभर काढतो, त्यातला आवडीचा दाणा खातो, उरलेलं खाली टाकतो. वर रॅकूनांची पंगत आणि खाली स्कंकांची. आता तर स्कंकांना पिंपात डोकंही घालावं लागत नव्हतं. वाढपी ठेवल्यासारखं वरून पानात पडत होतं.

“हे मुद्दाम टाकतात!” होबर्ट ज्युवेलला म्हणाला. “यांची आतून हातमिळवणी आहे!”

“तू रॅकूनांवरही चिडलास? मग उरलं कोण?”

“तुझा भाऊ!”

शनिवार तोंडावर आला. शेवटी होबर्टने ठरवलं, झाडाभोवती पत्र्याचं कुंपण. गुडघाभर उंच, खाली वीतभर जमिनीत पुरलेलं. रॅकून त्यावरून सहज येईल, स्कंक बाहेर डोकं आपटत बसेल. पत्रा शेडमध्ये होताच. रस्ते खात्याने मोडीत काढलेल्या पाट्या त्याने कधीकाळी घरी आणून ठेवल्या होत्या. शनिवारी सकाळपासून घामाने निथळत त्याने त्या रांगेने गाडल्या. ‘पुढे अरुंद पूल’, ‘दरडींपासून सावध’, ‘शाळा’, ‘थांबा’.

ज्युवेल लिंबू सरबत घेऊन आली आणि पाट्या बघत राहिली. “स्कंकांना वाचता येतं का?”

“येत नाही म्हणूनच आडव्या लावल्यात!”

झाडाशेजारी त्याच्या जुन्या पिकअप गाडीचा मागचा सांगाडा गवतात पडलेला होता. तो हलवायचा तर ट्रॅक्टर लागला असता आणि ट्रॅक्टर डेन्व्हरकडे होता. म्हणून होबर्टने कुंपण सांगाड्याच्या बाहेरून फिरवलं. दुपारी शेवटची पाटी ठोकली आणि छाती फुगवून म्हणाला, “आता बघू कोण येतं आत.”

कोण येतं याची त्याने चोख व्यवस्था केली होती. कोण आधीपासून आत आहे, हे मात्र वाकून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी वेंडेल टॅकेट आला. नवी टोपी, इस्त्रीची पँट, चकाकते बूट. डेन्व्हर स्वतःची घडीची खुर्ची घेऊन बिनबोलावता आला. होबर्टने टिलीला उचलून कुंपणाच्या आत सोडलं. झाडावर, पिंपाजवळच्या बेचक्यात एक लठ्ठ रॅकून पानांआड आधीच येऊन बसलेला होता, हे फक्त होबर्टला माहीत होतं.

“ही किल्लेबंदी कसली?” वेंडेल ‘थांबा’च्या पाटीवर गुडघा टेकवून म्हणाला.

“स्कंकांसाठी. आता एक स्कंक आत यायचा नाही.”

वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीच्या सांगाड्याखालून एक काळं नाक बाहेर आलं. मग पांढरा पट्टा. मग त्या स्कंकबाईच्या मागे, शाळेच्या सहलीसारखी, एकामागे एक चार पोरं.

दिवसभर त्यांच्या डोक्यावर हातोडा चालला होता आणि ती खाली झोपली होती. होबर्टने शत्रूला आत घेऊन बाहेरून कडी लावली होती.

डेन्व्हरच्या खुर्चीतून कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखा आवाज आला.

स्कंकापुढे आवाज चढवायचा नसतो, हे त्या खोऱ्यात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. होबर्टच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्या, कान लाल झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजत चिडला. अंगाईच्या सुरात, ओठ न हलवता, तो म्हणाला, “हलू नका कोणी. डेन्व्हर, हसलास तर तुला याच झाडाखाली पुरीन, राजा. वेंडेल, तो तुझा मूर्ख पाय पाटीवरून हळूच काढ. आणि तू गं, पट्ट्यांच्या भवाने, सोन्या, जा परत त्या गाडीखाली, तुझं वाटोळं होवो.”

स्कंकाच्या आईने पुढचे पाय जमिनीवर आपटले. हा तिचा शेवटचा इशारा असतो.

टिलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

वेंडेल पाय काढायचं विसरून तिच्याकडेच बघत होता. सगळं घराणं, आजोबा, पर्ल, सगळे त्या एका वळलेल्या मानेवर तोलून उभे होते. टिलीची नाकपुडी फुगली. तिने एक पाऊल स्कंकाच्या दिशेने टाकलं. मग तिचं नाक वर उचललं गेलं, आणखी वर, बुंध्याकडे. तिने झाडाला गोल वळसा घातला, मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पाय सालीवर रोवले आणि तोंड आभाळाकडे करून भुंकायला लागली. तुटक, दणदणीत, एकाच तालात.

या आवाजाने स्कंकाच्या आईची समजूत झाली की हे आपल्यालाच उद्देशून आहे. तिने शेपूट उचललं. तिचं पाहून चारही पोरांनी आपापलं उचललं. फवारा टिलीच्या तोंडामानेवर उडून तिच्या पाठीवरून गेला आणि ‘थांबा’च्या पाटीमागे उभ्या असलेल्या वेंडेल टॅकेटला टोपीपासून बुटापर्यंत भिजवून गेला.

वेंडेल खोकत, डोळे मिटून, हात पसरून उभा राहिला. डेन्व्हर खुर्चीसकट मागे पडला आणि पडल्या जागी हसत राहिला. होबर्टने ‘शाळा’ची पाटी उपटून बाजूला केली. त्या फटीतून स्कंकाची आई पोरांना घेऊन, कोणाचंही काही देणं लागत नसल्यासारखी, सावकाश रानात गेली.

टिली शिंकली. तिने नाक गवतात दोनदा पुसलं, डोळे मिचकावले, आणि पुन्हा झाडावर पाय टाकून भुंकायला लागली.

“होबर्ट,” वेंडेल आंधळ्यासारखा चाचपडत म्हणाला, “ती झाड सोडत नाहीये.”

“दिसतंय मला.”

“मला दिसत नाहीये. ऐकू येतंय.” तो थोडा वेळ ऐकत राहिला. “तोंडावर फवारा खाऊन माझं एकही कुत्रं झाडाखाली थांबलेलं नाही. तिला पिल्लं झाली की एक माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठी?” इतका वेळ कोंडलेला आवाज होबर्टच्या छातीतून असा सुटला की वरच्या रॅकूनने फांदी बदलली. “दहा माणसांसमोर नुसते कान म्हणालास! कान! माझ्या पायाचा अंगठा अजून काळा आहे! पिल्लू पाहिजे याला! आधी तिची माफी माग!”

“मागतो. ती आहे कुठे?”

“त्या बाजूला नाही! तो डेन्व्हर आहे!”

स्वयंपाकघराच्या खिडकीत ज्युवेल आली, एकवार श्वास घेतला आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

कुत्रं झाडाशी असलं की मालकाने स्वतः जाऊन त्याला सोडवायचं, ही तिथली रीत. होबर्ट कुंपणात उतरला. वासाने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निदान डेन्व्हरला त्याने कारण तेच सांगितलं. त्याने टिलीच्या गळ्यात दोरी अडकवली आणि तिच्या ओल्या, घाणेरड्या मानेवर तळवा ठेवला.

“बास की आता, कार्टे!” तो तिच्यावर ओरडला. “ऐकलं सगळ्यांनी! बहिरे आहेत का इथे? घसा फोडशील!”

टिली भुंकत राहिली. होबर्ट ओरडत राहिला. दोरी काही त्याने ओढली नाही.