चिंध्यांची बाळंतीण

सबंध नगर जिल्ह्यात आमच्या सिस्टरांच्या सुंदराइतके लाड कुठल्याच बाळंतिणीचे झाले नसतील, आणि सुंदरा तर चिंध्यांची होती. बहात्तरच्या सुमारास मी मिडवाइफच्या ट्रेनिंगला होते. तिथे आम्हाला शिकवणाऱ्या या सिस्टरांनी जुन्या गोधड्यांतून ती स्वतः शिवली होती. पोटात गर्भपिशवी म्हणून फुटबॉलचा ब्लॅडर, त्याची नळी खाटेखालच्या सायकलच्या पंपाला. हवा भरली की पिशवी घट्ट, म्हणजे सगळं ठीक. सोडली की लिबलिबीत, म्हणजे रक्त जातंय. सुंदराच्या कानांना वारा लागू नये म्हणून कायम फडकं बांधलेलं. तिच्या खाटेवर कुणी टेकलं की सिस्टर खेकसत, "उठा! ओली बाळंतीण आहे ती." तिच्या नावाने केलेले डिंकाचे लाडू मात्र सिस्टरच खात, तिला चावत नाहीत म्हणे.

परीक्षेच्या दिवशी त्या डोक्यावर पदर घेऊन सुंदराची सासू होत. आम्ही विचारावं, "सुंदरा, कसं वाटतंय?" की सासूच ठसक्यात सांगे, "बरी हाय ती. तिला काय झालंय?" मग सुंदराच्या वतीनेही सिस्टरच बारीक आवाज काढत, "बरी हाय, बाई." एवढ्यावर विसंबून उठली ती मुलगी नापास. "आजी, जरा गरम पाणी आणता का?" म्हणून सासूला बाहेर काढायचं, हात चोळून ऊन करायचे, पोट चाचपायचं आणि पुन्हा विचारायचं. आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. पण पाणी, हात, प्रश्न हा क्रम माझ्या अंगात बसला.

पुढे खर्ड्याजवळच्या वस्तीवर मी पहिल्यांदा एकटीने बाळंतपण केलं. बाळ रडलं, वार पडली. "बरी हाय ती, तुमी च्या घ्या," सासू म्हणाली. "बरी हाय," सूनही म्हणाली. मी कप खाली ठेवून गरम पाणी मागितलं. सासू चुलीकडे गेली. मी हात चोळून सुनेच्या पोटावर ठेवला, तर पिशवी लिबलिबीत. पुन्हा विचारलं, तशी पोर कुजबुजली, "बाई, मघाधरनं लई जातंय." मी सुई दिली, पिशवी चोळत राहिले, हळूहळू हाताखाली ती ओळखीची घट्ट झाली. पोर वाचली. सिस्टरांना सांगितलं, तर म्हणाल्या, "हात ऊन केले होतेस ना?"

परवा त्यांना भेटायला नेवाशाला गेले. हल्ली त्या अंथरुणातच असतात. कशा आहात विचारलं, तर दारातून भाचीच म्हणाली, "मजेत आहे आत्या."

"बरी आहे गं," सिस्टर म्हणाल्या.

मी भाचीला म्हटलं, "जरा गरम पाणी आणतेस?"

ती आत गेली. सिस्टर खुदकन हसल्या. मी तळवे चोळून त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा विचारलं. हसू हळूच ओसरलं.

"एकटं वाटतं गं फार," त्या म्हणाल्या.