भिंतीकडचा पट्टा

मैनाबाई दारात बसून लसून सोलून राह्यली होती, तवा बिमावाला साहेब आला. गाडी लावली, हेल्मेट काढलं, अन् घराकडं पाह्याच्या आधी त्यानं तिच्या पायाकडं पाह्यलं.

"मैनाबाई तुम्हीच?"

"हौ जी."

"ठंड से ही आराम पे हो ना आप?"

"हौ. छातीत पानी भरलं होतं साहेब. डॉक्टर म्हने, भुशाकडं फिरकूच नको."

"और बिमारी का पैसा मिल रहा है?"

"भेटून राह्यला. त्याच्यावरच तर दवाई चालू हाये."

साहेब हसला नाही. "फिर मिल में रोज कौन आता है? मिल ने तो लिख के भेजा है, मैनाबाई रोज हाजिर. आप यहाँ भी हो, वहाँ भी हो?"

मैनाबाईच्या हातातली पाकळी खाली पडली. खरं सांगाले एक वाक्य पुरे होतं. पन साहेबानं तिले वेळच देल्ला नाही. "कल सुबह हाजरी के टाइम मैं मिल आऊंगा. आप भी आना. दोनों तरफ का पैसा खाया होगा तो सब वापस होगा, और केस अलग." हेल्मेट डोक्यात, गाडी गल्लीच्या बाहेर. शेजारची बाई भिंतीवरून पाहूनच राह्यली होती.

आता यात मैनाबाईची चूक काय, ते समजाले मिलचं आंगन पाह्याले लागते. वारासिवनी रोडवरची ही मिल उसन्या, म्हंजे उकड्या तांदळाची हाये. धान उकडते, मंग सिमेंटच्या मोठ्या आंगनात पसरवते. अन् मंग बाया त्याच्यात चालतात. पाय घासत घासत, एका रांगेत, इकडून तिकडं, तिकडून इकडं. पायानं नाल्या पडतात, खालचं धान वर येते, वाळते. एकेका बाईचा एकेक पट्टा. आपल्या पट्ट्यात दुसरीनं पाय टाकाचा नाही. अन् पट्टा एक दिवस बी रिकामा राह्यला, तर धान कच्चं राह्यते, मुनीम चिडते, अन् दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यावर नवीन बाई उभी दिसते.

म्हनून बदली. बाई बिमार पडली, बाळंत झाली, तर तिची पोरगी, सून, ननंद, जे कोन असन ते तिच्या पट्ट्यावर चालते. हाजरी तोंडीच. दुलीचंद मेट, बायाईचा मुकादम, काठी घेऊन उभा राह्यते अन् नावं पुकारते. "मैना!" म्हनलं का पट्ट्यावर जे असन ते म्हनते, "हौ." पगार मैनाच्या नावानं. यात चोरी हाये असं त्या आंगनात कोनाच्या सपनात बी आलं नव्हतं. उलट बदली नाही देल्ली तर लोक थुकतात. म्हनतात, घरात मानसं असून पट्टा जाऊ देल्ला.

बिम्याचे पैसे सगळ्याईच्याच पगारातून कटत. पन बिमारीत ते पैसे घरी येतात, हे एकीले बी ठाऊक नव्हतं. मैनाबाईले बिमा दवाखान्यातल्या नर्सनं सांगतलं. आंगनातली पहिली बाई तीच, जिनं अर्ज केला. हुशारी केली, अन् फसली.

मैनाबाई रामपायलीकडून लग्न होऊन आली. नवरा पुनाराम याच मिलमध्ये पोती उचले. मयुरी पोटात असताना तो करंट लागून गेला. मिलवाल्याईनं धानाचं एक पोतं पाठवलं अन् मोकळे झाले. दुलीचंद मात्र दारात आला अन् म्हनला, "भिंतीकडचा पट्टा तुहा. रडनं झालं का ये." भिंतीकडं दुपारून सावली राह्यते. त्या पट्ट्यासाठी बाया भांडतात. मयुरी झाली तवा दुलीचंदची बायको अनुसया दोन दोन पट्टे चालली, स्वतःचा अन् मैनाचा. कोनी सांगतलं नव्हतं तिले. असं सगळं होतं, म्हनून मैनाबाईले आज घाम फुटला होता. केसचं भेव होतंच. पन खरं सांगतलं तर पहिली मान दुलीचंदची जाते, हे तिले साहेबाची गाडी वळाच्या आधीच समजलं होतं.

संध्याकाळी मयुरी मायचा पट्टा चालून आली. अकरावी सोडलेली पोरगी, जिभेले हाड नाही. ती पाय धुऊन राह्यली होती तवाच मागून दुलीचंद आला. बसला नाही.

"मुनीमानं बोलावलं होतं मले," तो म्हनला. "मैना, उद्या तूच ये. पट्ट्यावर उभी राह्य. मी नाव घेईन, तू हौ म्हन."

"अन् मंग?"

"मंग काय? बरी झाली, कामावर आली, बिम्याले कळवाचं राह्यलं. अनपढ बाई हाये, माफ करा. घेतलेले पैसे मुनीम हळूहळू पगारातून कापन. पट्टा राह्यते, माही मेटकी राह्यते."

"अन् मायची छाती?" मयुरी तिथूनच ओरडली. "ते राह्यते का काका? का ते बी मुनीम हळूहळू कापन?"

"तू चूप वं."

"काहून चूप? उद्यापासून रोज हिले भुशात चालाले लागन. डॉक्टर काय म्हनला ठाऊक हाये ना तुमाले? पुन्हा पानी भरलं तर नागपूरले न्या म्हने. नागपूरले काय तुमची काठी घेऊन जाऊ?"

"मयुरी!" मैनाबाई म्हनली.

दुलीचंदचा चेहरा उतरला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हनला, "खरं सांगशीन त मले थांबवता येत नाही. पन मुनीम म्हने, मेट बदली चालवते हे मले ठाऊकच नाही. समदं माह्यावर ढकलन तो. या वयात मी पोतं उचलू का मैना?" अन् चालला गेला. चहा ठेवलेला तसाच.

"उद्या मी सांगतो साहेबाले," मयुरी म्हनली. "पट्टा मी चाल्लो, घाम मी गाळला. माहं काय उखडतात पाहू."

"तुह्यावर केस झाली तर?"

"होऊ दे."

"होऊ दे म्हनते! लगन कराचं हाये तुहं."

"केसवालीशी लगन करनारा बी भेटन कोनी. तू जेव."

मैनाबाई जेवली नाही. मयुरीचे पाय पाहत बसली. टाचा उभ्या चिरल्या होत्या, बोटाच्या फटीत उसन्याचा पिवळा डाग, घासून बी न निघनारा. मैनाबाईनं आपले पाय पुढं केले. गोरे नाही, पन नरम झाले होते. लेकराचे असतात तसे. साहेबानं पहिले पाय काहून पाह्यले ते तिले आता समजलं. खोटं बोलून बी उपयोग नव्हता मंग. पन दुलीचंदसाठी बोलाले पाह्यजे, एवढं मनातून जात नव्हतं.

सकाळी ऑटोनं ती मिलवर गेली. धान नुकतंच हौदातून काढलेलं, आंगनभर वाफ. त्या वासानंच तिच्या छातीत खरखर सुरू झाली. साहेब खुर्चीवर, बाजूले मुनीम, हातात चहा, तोंडात गोड गोड. बाया आपापल्या पट्ट्यावर उभ्या. कोनी मैनाबाईकडं सरळ पाह्यलं नाही. अनुसया तेवढी पुटपुटली, "आली का बाई. बस जरा, दम घे."

मैनाबाई भिंतीकडच्या पट्ट्यावर गेली. चप्पल काढली. गरम धानात पाय टाकला अन् चटकाच बसला. आधी कधी बसला नव्हता. मयुरी आंगनाच्या काठाले उभी, दात आवळून. मायनं तिले ऑटोतच शपथ घातली होती, मी बोलेन, तू बोलजो नको.

दुलीचंदनं काठी आपटली.

"अनुसया!"

"हौ."

"कालिंदी!"

"हौ."

ती कालिंदी नव्हतीच. कालिंदीची सून होती. बायाईच्या माना खाली. मैनाबाईले वाटलं, हे बी एक बदली. अन् पलीकडं अजून एक. मी हौ म्हनलं तर सगळं झाकलं जाईन, अन् मी इथंच खोकून मरीन. नाही म्हनलं तर दुलीभाऊ.

"मैना!"

मुनीमानं चहाचा कप खाली ठेवला.

"मैना!" दुलीचंद पुन्हा म्हनला. या बारीनं आवाज फाटला.

"मैना आली नाही भाऊ," मैनाबाई म्हनली.

"अरे! खड़ी तो है सामने," मुनीम हसला.

"उभी हाये, पन कामावर नाही आली. मैना बिमार हाये, ठंडीपासून घरी हाये. हा पट्टा मयुरी चालते. तिचं नाव घे." अन् मंग साहेबाकडं वळून, दम खात खात, "साहेब, मेटची काही गलती नाही. आमच्यात असंच चालते. मुनीमजी रोज या खिडकीतून पाह्यतात. माह्या पोरीले ते नावानं वळखतात. गेल्या हप्त्यात त्याईनंच तिले 'मयुरी, चहा आन' म्हनलं होतं."

एक बाई फिसकन हसली. मंग दुसरी. मुनीमाचे कान लाल.

साहेब उठला. धानाच्या काठापर्यंत आला. मैनाबाईचे पाय पाह्यले, मंग मयुरीचे. मयुरीनं मुद्दाम चप्पल काढून पाय पुढं केला, जसं का थप्पडच मारून राह्यली.

साहेब दुलीचंदले म्हनला, "पुकारो."

दुलीचंदनं मुनीमाकडं पाह्यलं. मुनीमानं डोळ्यानंच नाही म्हनलं. सगळ्या आंगनाले दिसलं ते. दुलीचंदनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मैनाबाई त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. ह्यानं आता तोंड फिरवलं तर आपन खोट्या, पोरगी खोटी.

"मयुरी!" दुलीचंद ओरडला. एवढ्या जोरानं का बाहेर ट्रकवाले वळून पाहू लागले.

"हौ!"

"घर जाओ माताजी," साहेब म्हनला. "बिमार आदमी यहाँ खड़ा नहीं रहता." अन् मुनीमाले म्हनला, "आप अंदर चलो. बाकी नाम भी देखते हैं."

बिमारीचा पैसा काही दिवस अटकला, मंग चालू झाला. मयुरीचं नाव मिलले तिच्या स्वतःच्या नावानं लावाले लागलं, अन् त्याच्यासंग बाकी बदलीवाल्या पोरीसुनाईचं बी. मुनीमानं राग काढला तो दुलीचंदवर. काठी दुसऱ्याले देल्ली. त्याले गाडीवर पोती मोजाले लावलं, तेवढी तरी मेहेरबानी केली.

तो बरेच दिवस मैनाबाईच्या गल्लीतून गेला नाही. एका संध्याकाळी आला. दारातच उभा.

"पट्टा गेला तुहा," तो म्हनला.

"मयुरीचा झाला."

"तू बरी झाली का कुठं उभी राहशीन?"

"माहीत नाही. तुह्याजवळ पोती मोजीन."

"तुले मोजता येते?"

"तुले येते का?"

तो हसला नाही, पन बसला. मैनाबाईनं चहा ठेवला. मागच्या बारीचा चहा तसाच राह्यला होता, म्हनून या बारीनं ती कप त्याच्या हातात देऊन तिथंच उभी राह्यली, तो पेईपर्यंत.