फोडणीसाठी पाडलेलं भोक

पस्तीस वर्षं लंडनच्या हॉस्पिटलांत लोकांना भूल देऊन झाल्यावर डॉ. कमलाकर टिकेकरांनी वेल्समध्ये जंगलाचा एक तुकडा घेतला आणि स्वतःच्या हातांनी घर बांधायला काढलं. लंडनमधल्या एजवेअरच्या मराठी मंडळींनी त्यांना खुळ्यात काढलं. पण टिकेकर एकदा मागे लागले की लागले. जागेवरची लार्चची झाडं त्यांनी फिरत्या करवतीवर स्वतः कापली, फळ्यांच्या चळती रचून दोन वर्षं वाळवल्या. अरुणाताई प्रत्येक फळीच्या टोकाला मेणखडूने तारीख लिहायच्या आणि लिहिता लिहिता नवऱ्याशी भांडायच्या.

भांडण एकच. नव्या नियमांप्रमाणे घर हवाबंद होणार होतं. भिंतींच्या आत हवा अडवणारा पडदा, प्रत्येक सांध्यावर टेप आणि हवा बदलायला एक यंत्र.

"अहो, पण फोडणीचा ठसका जायचा कुठून? शेगडीच्या वर भिंतीत एक साधा पंखा बसवा."

"अगं, यंत्र ओढून घेतं सगळं. तासाभरात वास जातो."

"तुमचं यंत्र इंग्रजांच्या सुपासाठी आहे. त्याला काय कळतेय मिरची!"

माघार कुणीच घेतली नाही. मग फेब्रुवारीत अरुणाताई गेल्या. टिकेकर रडले नाहीत. तेराव्याला आलेल्या माणसांना त्यांनी पार्किंग कुठे मिळेल ते नीट समजावून सांगितलं. एजवेअरचं घर आधीच विकलेलं होतं, तेव्हा ते वेल्सला, जागेवरच्या कॅराव्हॅनमध्ये परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेगडीच्या वर पेन्सिलीने एक गोल काढला, तयार भिंतीला सहा इंचांचं भोक पाडलं आणि पंखा बसवला. आपण हे का करतोय, असं त्यांच्या मनातही आलं नाही. मनात काही येतच नव्हतं.

जूनमध्ये गॅरेथ नावाचा तपासनीस आला. दारात मोठा पंखा लावून त्याने घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली, म्हणजे जिथे फट असेल तिथून वारा आत येतो. हवागळतीचा आकडा नापास. भिंतींवरून हात फिरवत तो शेगडीपाशी येऊन थांबला.

"डॉक्टर, हे ड्रॉइंगमध्ये नाही. कायमचं बंद करा. आकडा आला नाही तर सर्टिफिकेट नाही, राहायला जाता येणार नाही. कुणाला हवं होतं हे?"

"माझ्या बायकोला."

"मग त्यांना विचारून घ्या," तो सामान आवरत म्हणाला. "मी गुरुवारी येतो."

टिकेकरांनी मान हलवली.

बुधवारी त्यांनी पंखा काढला. उरलेल्या फळ्यांतली एक घेतली, तिच्या टोकाला अरुणाताईंच्या अक्षरात 'नऊ मे' होतं. तेवढं टोक वाचवून त्यांनी गोल तुकडा कापला, भोकात बसवला आणि वरून टेप मारली. गुरुवारी घर पास झालं. गॅरेथने पाठ थोपटली. लंडनमध्येच वाढलेल्या मुलीचा, आश्लेषाचा, फोन आला.

"बाबा, तुमचा घर पास झाला? Amazing! आर यू हॅपी?"

"हो," ते म्हणाले. काय वाटतंय ते त्यांना खरंच सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी नव्या घरात त्यांनी पहिल्यांदा वरण केलं. कढल्यात तेल, मोहरी, हिंग, चार सुक्या मिरच्या. ठसका असा उठला की खोकून खोकून ते खाली बसले. मग घड्याळ लावून वाट पाहिली. पन्नास मिनिटांत वास गेला. मिरचीचा उरला नाही, हिंगाचा नाही, कशाचाच नाही.

"बघ," ते शेगडीकडे पाहून म्हणाले. "गेला की नाही?"

दोन वर्षं त्यांचं वाक्य संपायच्या आत उत्तर यायचं. टिकेकर उठले, कढलं पुन्हा गॅसवर ठेवलं, दुप्पट मिरच्या घेतल्या आणि फोडणी टाकण्याआधी जाऊन यंत्राचं बटण बंद करून आले.