स्वस्त ॲम्प्लिफायर, महाग ॲम्प्लिफायर आणि वाव्हळे सर

उत्तमराव वाव्हळे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. पालमच्या बुद्धविहारात रविवारची वंदना नुकतीच आटोपली होती आणि सर लोखंडी खुर्चीवर एक काळी पेटी ठेवून तिच्यापुढे ओणवे झाले होते. मी तेव्हा अकरावीत होते. आई-वडील ऊसतोडीला गेले की मी पालमला मामांकडे राहायची आणि मामीबरोबर वंदनेला यायची. सरांनी मागे वळून मला विचारले, "ए बाई, तिथून कसं ऐकू यायलंय? आता जरा खिडकीजवळ जा बरं. तिथून?" नाव नाही, गाव नाही, आधी कानाची परीक्षा! मी म्हणाले, खिडकीजवळ घुमतंय. सर एकदम खूश झाले. "घुमतंय ना? मंग ह्याला भिंतीपासून पुढं घ्यावं लागल."

ती पेटी म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर डास गुणगुणल्याइतकीच वाजते. तिचा आवाज लोकांपर्यंत पोचवतो तो हा ॲम्प्लिफायर. त्या दिवसापासून मी सरांची विद्यार्थिनी झाले, आणि आज त्यांच्याच गायन पार्टीत गिटार वाजवते. सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथात सगळे गोडच लिहितात, पण खोटे गोड सरांना चालत नाही. तेव्हा जे झाले तेच लिहिते.

सरांनी पालमच्या हायस्कुलात गणित शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. ही त्यांची नोकरी. काम वेगळे. भीमगीतांच्या गायन पार्टीत बेंजो असायचा तिथे त्यांनी गिटार आणली, आणि "मास्तर, बेंजो कुठंय?" हा प्रश्न गावोगाव हसून ऐकून घेतला. दर रविवारी विहारात मुलींसाठी गिटारचा वर्ग काढला. वर्गाला गिटार एकच, सरांची स्वतःची. ती पाळीपाळीने हातात यायची. मी मामांच्या घरी एका फळीवर खडूने सहा रेघा ओढून तिच्यावर बोटे फिरवत बसायची. मामी म्हणायच्या, "ह्या फळीतून आवाज निघाला तर मला बी बोलव."

सरांचे एक म्हणणे होते. स्वस्तातला ॲम्प्लिफायर नीट लावला तर महागाच्या तोडीचा वाजतो. या एका वाक्यावरून आमच्या पार्टीत जेवढा वाद झाला, तेवढा लग्नघरात मानपानावरूनही होत नसेल. विरुद्ध पक्षाचे पुढारी होते ढोलकी वाजवणारे दिगंबरदादा. त्यांचे पालममध्ये शिलाईचे दुकान आहे. जिंतूरकडच्या एका पार्टीकडे मोठा, काचेच्या नळ्यांचा विलायती ॲम्प्लिफायर आला होता आणि तो पाहून आल्यापासून दादांना चैन नव्हते. पार्टीने कार्यक्रमांच्या मानधनातून काही शिल्लक टाकली होती. दादा म्हणत, तिच्यातून तसाच ॲम्प्लिफायर घ्यायचा. सर म्हणत, आहे तो पुरेसा आहे, शिल्लक वर्गाच्या गिटारींना लावू. पहिली गिटार मला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे आवाजाबिवाजातले मला काही कळत नसतानाही मी कट्टर स्वस्तवादी होते.

शेवटी परीक्षा ठरली. परभणीच्या एका ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे विकाऊ असलेला तसला ॲम्प्लिफायर एका दिवसापुरता मागून आणला. दोन्ही पडद्याआड ठेवायचे, सरांनी एकच चाल दोन्हींवर वाजवायची आणि वंदनेला आलेल्या माणसांनी महाग कुठला ते ओळखायचे. पडदा लावला तर महागाचा लाल दिवा त्यातून दिसायला लागला. दादा ओरडले, "हे न्हाई चालणार! उद्या लोक म्हणतील, दिवा पाहून सांगितलं." निष्पक्षपणाच्या जोशात त्यांनी शेजारच्या घरातून दोन जाडजूड वाकळी आणल्या आणि दोरीवर स्वतःच्या हाताने टांगल्या. सरांनी वाजवले. कुणी म्हणाले डावा, कुणी म्हणाले उजवा, कुणी म्हणाले दोन्ही एकाच कंपनीचे हायत. सर जिंकले. दादांनी मोठ्या मनाने हात जोडले. मला गिटार मिळाली होती, फक्त दुकानातून यायची बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या अंगणात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वाकळी उन्हात घालत होत्या. रस्त्यावरून भाजीवाल्याचा भोंगा चालला होता. वाकळीमागे उभ्या असलेल्या सरांना तो भोंगा एकाएकी दबल्यासारखा ऐकू आला. ते बाजूला झाले, भोंगा खणखणला. परत वाकळीमागे गेले, परत दबला. जुन्या लुगड्यांचे इतके थर म्हटल्यावर आवाजातला सगळा कडकपणा त्यांतच जिरत होता. म्हणजे विहारात आम्ही ॲम्प्लिफायर ऐकलेच नव्हते, ऐकल्या होत्या त्या वाकळी. सर चहा तसाच सोडून दादांच्या दुकानी गेले. मी मामींचे ब्लाउज आणायला तिथेच उभी होते.

"दादा, कालची जीत रद्द," सर म्हणाले आणि त्यांनी वाकळीची हकिकत सांगितली.

दादांनी हातातली कात्री खाली ठेवली. "आवो सर, जिंकले तुमी अन् रडायले बी तुमीच? आमी कुठं काय म्हणलं?"

"तुमी न्हाई म्हणले. पण मला कळलंय ना आता."

पुढच्या रविवारी तो महाग ॲम्प्लिफायर परत मागून आणला आणि पुन्हा परीक्षा झाली. या वेळी दिव्यावर चिकटपट्टी लावली आणि पातळ पांढरे धोतर टांगले. हळू आवाजात वाजवले तेव्हा माणसे पुन्हा गोंधळली. मग दादा म्हणाले, मैदानात वाजवता तसे वाजवा. सरांनी आवाज वाढवला आणि पुढे बसलेल्या कौशल्याबाईंनी लगेच हात वर केला. "उजवीकडचा फाटायलाय. डावा लय साफ हाय." बाकीच्यांनीही डावाच दाखवला. डावा महागाचा होता. सर उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी हरलो. खोलीत बरोबरी होती, मैदानात होत न्हाई." शिल्लक त्या विलायती पेटीत गेली.

मला इतका राग आला की मी दोन रविवार वर्गाला गेले नाही. तिसऱ्या रविवारी सर स्वतः मामांच्या दारात आले. मी चहाबिहा न विचारता थेट म्हणाले, "सर, तुमी गप बसले असते तर काय बिघडलं असतं?"

"तुला गिटार मिळाली असती," सर शांतपणे म्हणाले. "अन् मला तुझ्याकडं पाहवलं नसतं." मग त्यांनी खांद्यावरची गिटार उतरवून ओट्यावर ठेवली. "कार्यक्रम नसंल तवा ही इथं राहील. फळी मामीला चुलीत घालू दे."

सरांची न्यायबुद्धी, सचोटी वगैरेंवर या ग्रंथात इतरांनी लिहिलेच असेल. मला ती अशी भेटली, आणि तेव्हा अजिबात आवडली नव्हती.

मूळ प्रश्नाचे उत्तर सर आता असे देतात. घरात, वर्गात, विहारात स्वस्तातला खुशाल घ्यावा. तो जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवावा, भिंतीपासून दूर ओढावा, खर्ज कमी करावा. मैदानात तो एकटा पुरत नाही, पण त्याचा आवाज बेताचा ठेवून मंडपवाल्याचा माइक त्याच्यापुढे लावला तर माणसे तक्रार करत नाहीत. आणि गावात विजेचा दाब पडला की महागाचाही कुरकुरतो. हे दादांनी बोरीच्या मैदानात स्वतः अनुभवले आणि सर त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. उलट ती अवजड पेटी एसटीच्या टपावर चढवायला सर्वांत आधी सरच खांदा देत.

आता जे लिहायचे ते सरांना आवडणार नाही. गिटार माझ्याकडे राहू लागली आणि सरांचा रियाज बंद पडला. ते कार्यक्रमाच्या दिवशीच तिला हात लावत. एखाद्या वर्षातच त्यांची बोटे जड झाली, वेगाच्या जागा सुटू लागल्या. वालूरच्या जयंतीत एका गाण्याच्या मध्यात ते अडखळले. त्यांनी गाणे पुरे केले, गिटार माझ्या गळ्यात घातली आणि आयोजकांना सांगितले, "आता ही वाजवील." स्वतः मागे कोरसमध्ये टाळ्या वाजवायला बसले. तेव्हापासून ते तिथेच बसतात. कारण विचारले तर म्हणतात, वय झालं. वय तेव्हा पन्नासही झाले नव्हते.

मला परभणीत नोकरी लागली, मी स्वतःची गिटार घेतली आणि सरांची त्यांना परत केली. त्यांनी ती दुसऱ्याच आठवड्यात वर्गातल्या दुसऱ्या मुलीला दिली. तिने परत केली तेव्हा तिसरीला. अशी ती आजवर फिरतच आहे आणि आमच्यापैकी प्रत्येकीची बोटे तिच्यावर तयार झाली आहेत.

म्हणून आम्ही साऱ्याजणींनी मिळून वर्गासाठी नव्या गिटारी आणल्या आहेत. सरांची गिटार नव्या तारा लावून सत्काराच्या दिवशी त्यांना परत देत आहोत, आणि ती आता कुणालाही द्यायची नाही, असे काकूंनी बजावले आहे. सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे कान असेच तिखट राहोत, गुडघे आणि बोटे साथ देवोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची मंगलकामना. दिगंबरदादांनी पुढच्या जयंतीसाठी दोन गिटारींची गाणी बसवायला घेतली आहेत. त्यातली दुसरी गिटार कोण वाजवणार हे त्यांनी कुणालाच विचारलेले नाही. सर, उद्यापासून रियाजाला बसा.