उंबरा नको, एवढंच लिहायचं राहिलं

पाच वर्षं आमच्या ह्यांना कुणीतरी उचलून न्हाणीत न्यायचं. फौजेत असताना गाडी घसरली, पाठीचा कणा दुखावला, मिरजेच्या दवाखान्यात महिने गेले आणि हवालदार माणूस चाकाच्या खुर्चीत बसून घरी आला. घर म्हणजे शिराळ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या. पायरी, उंबरा, परत पायरी. रोज सकाळी मी आणि शेजारचे एक भाऊजी मिळून ह्यांना उचलायचो. हे मान खाली घालून बसायचे. एकदाच म्हणाले, "मला कवातरी एकट्यानं, दार लावून आंगूळ करायची हाय." मी शाळेत शिकवते, बोलण्यात कुणाला हार जात नाही. पण त्या दिवशी बोलत बसले नाही, प्लॉटचे कागद बाहेर काढले. प्लॉट आधीच घेतलेला होता. त्याच आठवड्यात ठरवलं, आता घर बांधायचं, आणि खुर्ची सगळीकडं फिरेल असंच बांधायचं.

ठेकेदार शोधायला बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. माझा मामेभाऊ पाटणकडं आणि आमच्या भागात घरं बांधतो. त्याला प्लॉटवर उभं करून सांगितलं, "दारं साडेतीन फुटी. उंबरा कुठंच नको. न्हाणीत खुर्ची वळली पाहिजे. दारात उतार पाहिजे." तो प्रत्येक वाक्याला "व्हय अक्का, व्हय" म्हणत होता. शाळेतल्या एका बाईंनी मला बजावलं होतं, सगळं स्टँपपेपरवर लिहून घे. मी तसं म्हणून पाहिलं तर ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"भाऊबीजेला ओवाळतीस, आनि माझ्याकडनं लिवून घेतीस व्हय? मग औंदा ओवाळताना बी दोन साक्षीदार बोलव."

त्याची आई, माझी मामी, तर उठून घरी जायलाच निघाली. मी ओशाळले. आमच्याकडं सोयरीक असो नाहीतर जमिनीची वाटणी, पानसुपारी झाली की शब्द पक्का. त्यातून माहेरच्या माणसाकडं कागद मागणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. मग सुपारी दिली, नारळ फोडला आणि काम सुरू झालं. भाऊ लबाड नव्हता, हे आजही सांगते. एकाच वेळी सहा ठिकाणी कामं चाललेली, डोक्यात सगळ्यांच्या खिडक्या-दारांचा गोपाळकाला.

चौथरा झाला, भिंती छातीपर्यंत आल्या आणि चौकट बसवायचा मुहूर्त निघाला. मुहूर्त मीच काढून आणला होता. पाच सवाष्णी बोलावल्या. मुख्य दाराची सागवानी चौकट उभी केलेली, तिला आंब्याचा डहाळा बांधलेला. मी खाली बसून उंबऱ्यावर पाणी घातलं, हळदीकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, नारळ फोडला. मी, जी "उंबरा नको" म्हणून घसा ताणत होते, तिनं हौसेनं उंबरा पुजला आणि काही म्हणजे काही लक्षात आलं नाही. लहानपणापासून चौकटीची पूजा म्हणजे उंबऱ्याची पूजा, हात आपोआप चालतात.

गवंड्यांनी चौथऱ्यावर चढायला फळ्या टाकल्या होत्या. हे स्वतः खुर्ची रेटत वर आले. चेहरा इतका खुलला होता की मला लग्नातले हे आठवले. दारापाशी आले आणि पुढची लहान चाकं उंबऱ्याला टेकून थांबली. ह्यांनी उंबऱ्याकडं बघितलं, हळदीकुंकवाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता आत कोन उचलून न्हेनार हाय?" हळूच विचारलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. उठले आणि तरातरा आत गेले. न्हाणीची चौकट तिथंच भिंतीला टेकवून ठेवलेली, टेप लावली तर अडीच फूट. भाऊ मागोमाग आला. "अक्का, चौकटीला उंबरा नसतो व्हय कुटं? लक्ष्मी कुटनं येनार? आनि आमी चार भावं हाय की दाजींना उचलायला."

'उचलायला' ह्या शब्दावर माझा तोल गेला. सवाष्णींसमोर त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तोही पेटला. म्हणाला, उंबरा नको हे तू आतल्या खोल्यांचं बोललीस, न्हाणीच्या दाराच्या मापाचं तर बोललीच न्हाईस. मी बोलले होते. पण दाखवू काय? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता वकिली करते. तिच्याकडं गेले. ती हसली. "बाई, उत्तर येत असलं तरी लिहिलं नाही तर मार्क नाहीत, असं तुम्हीच म्हणायचात." मग नीट समजावलं. तोंडी करारही कायद्याला करारच, पण काय ठरलं होतं हे सिद्ध कशानं करणार? आपल्या जागेत ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं तरी ग्राहक आयोगाकडं जाता येतं. आयोग काम दुरुस्त करून द्यायला लावतो, भरपाई द्यायला लावतो, आणि तो आदेश पाळला नाही तर दंड होतो, वेळ पडली तर तुरुंगही. ऐकताना मला, खरं सांगते, बरं वाटलं. भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मग नाही वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिनं विचारलं, "तुम्हाला खटला पाहिजे का घर?"

"घर."

तिनं कागद केला. नकाशा जोडलेला, प्रत्येक दाराचं माप इंचात. उंबरा कुठंही नाही. उतार एक फूट चढाला बारा फूट लांब. काम नकाशाप्रमाणं नसेल तर ठेकेदारानं स्वखर्चानं काढून पुन्हा करायचं. उशीर झाला तर दर आठवड्याला ठरलेली कपात. मी म्हटलं, ती चांगली सणसणीत लिही. ती म्हणाली, नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा दंड लिहिला तर कोर्टात टिकत नाही, वाजवीच लिहायचा.

सहीला ये म्हणून निरोप धाडला, तर भाऊ पंधरा दिवस फिरकला नाही. काम बंद. मी फोन करायला तयार नव्हते, तो घ्यायला तयार नव्हता. शेवटी ह्यांनी फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"पाव्हनं, पलटनीत आमी जीवाला जीव द्यायचो. तरी रायफल घेताना रोज सही करायची, देताना रोज करायची. त्यात कुनाचा अपमान व्हता व्हय?"

दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्याबरोबर वकिलीणबाईंकडं आला. कागद सबंध वाचला, बोट लावून लावून. मग माझ्याकडं न बघता तिला म्हणाला, "ह्यात आनि एक लिवा. अक्कानं सैपाकघरातली खिडकी तीनदा हलिवली. नकाशात बदल करायचा तर तिनं बी लिवून द्यायचा." ती म्हणाली, बरोबर आहे, दोघांच्या सहीशिवाय बदल नाही. मीही मान डोलावली. खिडकी खरंच तीनदा हलवली होती. सही करताना तो पहिल्यांदा हसला.

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी सुतार करवत घेऊन आला आणि उंबऱ्यापाशी अडला. कुंकू अजून तसंच होतं. "पुजलेल्या उंबऱ्याला मी करवत लावनार न्हाई, बाई." मी खाली बसले आणि पदरानं कुंकू पुसलं. म्हटलं, लक्ष्मी काय ठेचकाळतच येते का? सपाटीवरनं येईल की. भावानं सुताराच्या हातातनं करवत घेतली आणि स्वतः उंबरा कापला. घामानं शर्ट भिजला तरी कुणाला हात लावू दिला नाही.

भुसा झाडून झाला. हे फळ्यांवरून वर आले. दारापाशी सवयीनं मी मागं जाऊन खुर्चीची मूठ धरायला गेले.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले, आणि चाकं फिरवत आत गेले. बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीच्या जागेत. तिथं खुर्ची वळवून बघितली. नुसत्या विटांच्या भिंती, वर आभाळ. भाऊ तोंड फिरवून उभा होता. मला रडू आलं, आणि आनंदही इतका झाला की सांगता येत नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा हे चालले होते आणि माझे दोन्ही हात रिकामे होते. त्या हातांचं करायचं काय, हेच मला कळत नव्हतं.