माझ्या कानांची चौकशी

फौजेतून घरी आल्यापासून मला एकच धंदा लागला, लोकांच्या ओठांवर पाळत ठेवायचा. सतरा वर्षं तोफखान्यात काढली. तोफांनी कान नेले, पण पूर्ण नेले नाहीत, आणि खरी पंचाईत तिथंच झाली. म्हशीचं ओरडणं, ट्रॅक्टर, वडिलांचा खर्जातला आवाज, हे जाड आवाज मला कळतात. बायकांचे, पोरांचे बारीक आवाज पोचतच नाहीत. ओठ दिसले तर समजतं, नाही तर नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं, पण त्यात भांड्यांचा खणखणाट तेवढा वाढतो, म्हणून ते पेटीतच पडून असतं.

हे गावाला कसं पटावं? आमच्या लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात एकानं माझ्या पाठीमागं मुद्दाम चमचा पाडला, हे मला मागाहून कळलं. मी दचकलो नाही, तरी त्याचं समाधान झालं नाही. समोर येऊन म्हणाला, "का वो फौजी, वडलांचं ऐकू येतंय अन् बायकूचंच तेवढं येत न्हाय व्हय? मग आमी समदेच भैरे की!" सगळे हसले. मीही हसलो, पण त्याचा चेहरा लक्षात ठेवला.

मी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी भांडत होतो. पैसे नको होते असं खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त हवी होती ती कागदावरची एक ओळ, की या माणसाचे कान नोकरीत गेले. फौज सोडताना मला लिहून दिलं होतं की बहिरेपण नोकरीमुळे आलेलं नाही. मग काय लोहाऱ्याच्या बाजारातून आणलं होतं? मी अपील केलं. लष्करी दवाखान्यात पुन्हा तपासणीला बोलावलं, घरचं कुणीतरी सोबत आणा म्हणाले, म्हणून पत्नीला घेऊन गेलो.

कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डॉक्टर माझ्याकडं असे बघत होते, जणू मी ते बटण खिशात घालून पळणार होतो. मग त्यांनी हिला आत बोलावून काहीतरी विचारलं. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर, मोठ्या माणसांसमोर तोंडावर पदर धरूनच बोलते. डॉक्टर म्हणजे तर साहेब. हिनं पदर ओढला आणि मला ओठ दिसेनासे झाले. नुसती नाही म्हणून हललेली मान दिसली. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

काही महिन्यांनी अपील फेटाळल्याचं पत्र आलं. सोबत इंग्रजी अहवालाची प्रत होती. त्यात लिहिलं होतं, घरी मोठ्यानं बोलावं लागत नाही असं पत्नीचं म्हणणं आहे.

माझं डोकंच फिरलं. आधी चुलतभावावर संशय आला, की त्यानंच हिला पढवलं असणार, कारण त्याच्या बायकोचं आणि हिचं चांगलं जमतं. मग हिच्यावरच आला. इतकी वर्षं पदराआड जे काही बोलणं चालायचं, ते सगळं माझ्याबद्दलच असणार. चार दिवस मी अबोला धरला. पाचव्या दिवशी पत्र तिच्यापुढं टाकलं आणि त्यातलं ते वाक्य मराठीत सांगितलं.

ती माझ्यासमोर येऊन बसली, पदर बाजूला केला आणि सावकाश म्हणाली, "सायबानं इचारलं, नवऱ्याशी वरडून बोलावं लागतं का? काय सांगू? व्हय, म्या नवऱ्यावर वरडते, असं चार लोकांत म्हनू? आईबापानं हेच शिकवलं का मला?"

साहेबानं बहिरेपणाचं विचारलं आणि हिनं घराची अब्रू सांभाळली. आता यावर रागवायचं तरी कुणावर?

दुसरं अपील केलं, पुन्हा बोलावणं आलं. रेल्वेत मी तिच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं, 'मोठ्यानं बोललं तरी ह्यांना ऐकू येत न्हाय.' तिनं मान डोलावली, पण माझा काही भरवसा नव्हता. या खेपेला डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी मला बाहेर बसवलं. दाराच्या काचेतून मला हिची पाठ दिसत होती. ती बोलतच होती. एका वाक्याला एवढा वेळ लागत नाही. मध्येच डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, थोड्या वेळानं पुन्हा उचललं.

"काय सांगितलंस?" ती बाहेर आल्या आल्या मी विचारलं.

"जे खरं हाय ते."

माझा संशय आणखीच वाढला.

अपील मंजूर झाल्याचं पत्र गेल्या महिन्यात आलं. कान नोकरीतच गेले, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. अंगणात खुर्ची टाकून मी ती ओळ दोनदा वाचली. मग सवयीनं अहवाल चाळायला घेतला, ही काय बोलली ते पकडायला. तिथं होतं: पत्नी सांगते, मुलगी सातवीत आहे. लहान होती तेव्हा वडिलांना मागून हाका मारायची. ते वळायचे नाहीत, तेव्हा आपल्यावर रागावलेत असं समजून रडायची. आता ती मागून हाक मारत नाही. वडिलांनी तिचा आवाज कधी ऐकलेला नाही.

हे खोटं आहे, असं आधी मनात आलं. पोरीचं बोलणं मला रोज समजतं. मग तो आवाज कसा आहे ते आठवायला लागलो. काहीच आठवेना.

शाळा सुटायची वेळ झाली होती. मी मुद्दाम खुर्ची फिरवली आणि फाटकाकडं पाठ करून बसलो. मागं काही हललं की नाही, मला कळलं नाही. दप्तर पाठीवर घेऊन ती खुर्चीला वळसा घालून समोर आली, मी तिच्याकडं बघतोय ना ते पाहिलं आणि मगच तोंड उघडलं, "पप्पा, पत्र आलं का?"