पाडव्याआधी हातात घेतलेलं घोंगडं

भूमच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चहावाल्यानं माझा धुळीनं माखलेला अवतार पाहिला आणि आधीच सांगून टाकलं, "चहा मिळंल, तोंड धुवाया पाणी न्हाय." पुढे जीपनं अर्धा तास नुसती भेगाळलेली रानं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं ते.

मी पुण्याहून निघालो होतो सोपानला भेटायला. त्याचा बाप सालगडी (वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणारा), म्हणून हाही कळत्या वयापासून त्याच मालकाच्या गोठ्यात. ती गुलामीच. चाळिशीला आल्यावर त्यानं ती सोडली, एक म्हैस घेतली आणि दूध सोसायटीत दूध घालू लागला. अशा सुटलेल्या माणसावर मला लेख लिहायचा होता.

बौद्ध वस्ती गावाबाहेर होती. सोपान चाऱ्याला गेलेला. त्याच्या बायकोनं, कलावतीबाईंनी, भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. "बेतानं खावा भाऊ, लई तिखट हाय," म्हणाल्या, आणि घागर घेऊन टँकरकडे गेल्या.

मी एकटाच बसलो होतो. एक गडी आला, नवं कोरं घोंगडं घेऊन. "मालकांनी धाडलंय. घ्या."

शहाण्यासारखा उठलो, दोन्ही हातांनी घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. वर त्याला धन्यवादही दिले! गडी हसून गेला.

कलावतीबाई परतल्या, घोंगडं पाहिलं आणि घागर दारातच टेकवली. "कुणी घेतलं?"

"मी."

"काय केलंत भाऊ! पाडव्याला नवं साल लागतं. त्याआधी मालकाचं घोंगडं घरात घेतलं की सालाला व्हय म्हणलं. गाव आता ह्यास्नी पुना सालगडीच धरणार."

सोपान आला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं घोंगडं उचललं आणि निघाला. मी मागोमाग.

मालक ओट्यावर चारचौघांत बसले होते. चूक माझी, परकं माणूस, वगैरे मी सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पाहुणे, तुम्हाला काय ठाऊक असणार." मग सोपानकडे वळले. "ठेव तिथं. पण उद्यापासून म्हस आमच्या विहिरीवर आणू नकोस."

गावात पाणी टिकलेली विहीर ती एकच. टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं.

सोपाननं घोंगडं ओट्यावर ठेवलं. "बरं," एवढंच म्हणाला. नेहमीचं 'मालक' त्यानं पुढे जोडलं नाही. ओट्यावरचे सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी भूमचा बाजार होता. म्हशीमागून आम्ही दोघं चालत गेलो. त्या साली म्हशीला गिऱ्हाईक एकच, खाटीक. सोपाननं तिच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि तोंड वळवलं.

"सोपानराव, माझ्यामुळं झालं हे," मी म्हणालो. मला रडू आवरत नव्हतं.

"इहीर त्येंचीच व्हती की. आज न्हाय तर उद्या हेच झालं असतं."

"आता काय करणार?"

"खडी फोडाया जातो. दिवसभर फोडायची, सांच्याला माज्या घरी यायचं. पाडव्यालाबी म्या माज्याच घरी असंन."

त्यानंच मला एसटीत जागा धरून दिली.

पुण्याला आलो, लेख लिहिला. गुलामीतून सुटून दूध घालणाऱ्या माणसाचा. लोकांना फार आवडला. त्यात सोपानची म्हैस जिवंत होती आणि तिच्या धारा निघत होत्या. खरं लिहायची मला लाज वाटली होती.